हेरिंगच्या गलबतांचा राखणदार : डच आरमारप्रमुख मार्टेन ट्रॉम्प

सतराव्या शतकात नेदरलँड्स युरोपातला सगळ्यात मोठा व्यापारी देश बनला. या श्रीमंतीत हेरिंग नावाच्या एका साध्या माशाचा मोठा वाटा होता. डच कोळी मासा गलबतावरच साफ करून, मीठ लावून पिंपात भरायचे. त्यामुळे त्यांना कित्येक आठवडे उत्तर समुद्रात राहता यायचं.

पण जाळी टाकून बसलेल्या गलबताला धड पळता येत नाही, धड लढता येत नाही. स्पेनच्या ताब्यातल्या डंकर्क बंदरातून लुटीचा परवाना घेतलेली जहाजं निघायची आणि या गलबतांवर तुटून पडायची. गलबतं जाळली जायची, खलाशांच्या सुटकेसाठी खंडणी मागितली जायची.

हा त्रास मोडून काढण्याची जबाबदारी १६३७ मध्ये मार्टेन ट्रॉम्प यांच्यावर आली. समुद्रावर लुबाडलं जाणं म्हणजे काय, हे त्यांना चांगलंच माहीत होतं. त्यांचा जन्म १५९८ चा. लहान असतानाच चाच्यांच्या हल्ल्यात वडील मारले गेले आणि हा मुलगा त्यांच्या कैदेत सापडला. पुढे १६२१ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या चाच्यांनी त्यांना पुन्हा पकडलं.

शेकडो गलबतांना पुरेल इतका पहारा देणं अवघड होतं. म्हणून ट्रॉम्प यांनी थेट डंकर्कच्या तोंडाशीच जहाजं उभी करण्यावर भर दिला. फेब्रुवारी १६३९ मध्ये बंदरातून बाहेर पडणाऱ्या ताफ्याला त्यांनी हरवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ मोठं स्पॅनिश आरमार उद्ध्वस्त केलं. १६४६ मध्ये फ्रेंचांनी जमिनीवरून आणि ट्रॉम्प यांनी समुद्रातून कोंडी केल्यावर डंकर्क पडलं.

१६५२ मध्ये मात्र इंग्लंडशीच युद्ध पेटलं. आता कोंडी करायला एकच बंदर नव्हतं, शत्रूचा अख्खा किनारा होता. इंग्रज सेनानी रॉबर्ट ब्लेक याने उत्तरेकडे जाऊन हेरिंगच्या ताफ्याची राखण करणारी डच लढाऊ जहाजं पकडली. ट्रॉम्प त्याच्या मागावर निघाले, पण शेटलंड बेटांजवळ वादळाने त्यांचं आरमार विखुरलं. ते रिकाम्या हाताने परतले आणि त्यांचं पद गेलं.

त्यांच्या जागी आलेल्या विट्टे डी विथ यांना ट्रॉम्प यांच्या जहाजावरच्या खलाशांनी जहाजावर चढूच दिलं नाही. डी विथ हरल्यावर सरकारने ट्रॉम्प यांना परत बोलावलं. डिसेंबर १६५२ मध्ये त्यांनी ब्लेकला हरवलं. पुढच्या वर्षी मात्र इंग्रजांनी डच किनाराच रोखून धरला. मग ना व्यापारी जहाज बाहेर पडेना, ना मासेमारी होईना.

ही कोंडी फोडताना १० ऑगस्ट १६५३ रोजी शेव्हेनिंगेनच्या लढाईत बंदुकीची गोळी लागून ट्रॉम्प यांचा मृत्यू झाला. डच ती लढाई हरले. पण इंग्रज जहाजंही इतकी खिळखिळी झाली होती की त्यांना दुरुस्तीसाठी मायदेशी परतावं लागलं. डच बंदरांचा रस्ता मोकळा झाला. पुढच्या वर्षी तह झाला आणि युद्ध संपलं.