लेखसूचीकार विल्यम फ्रेडरिक पूल

ग्रंथसंग्रहालयातील पुस्तक शोधणे फारसे अवघड नाही. ग्रंथकर्त्याचे नाव ठाऊक असले म्हणजे सूचिपत्र पाहावे, क्रमांक उतरून घ्यावा आणि पुस्तक मागावे. परंतु मासिकाच्या जुन्या अंकातील एखादा लेख हवा असेल, तर हेच सूचिपत्र मुके होते. त्यात मासिकाचे नाव असते. त्याच्या तीस-चाळीस खंडांच्या पोटात काय दडले आहे, हे ते सांगत नाही. इतिहासाच्या अभ्यासकास लागणारी माहिती तर पुष्कळदा अशाच ठिकाणी असते. एखाद्या तहाची किंवा खटल्याची बारीक चिकित्सा स्वतंत्र ग्रंथ होण्याइतकी मोठी नसते. ती मासिकात प्रसिद्ध होते आणि तेथेच विसरली जाते. ही अडचण मोठ्या प्रमाणावर दूर करण्याचे श्रेय अमेरिकन ग्रंथपाल विल्यम फ्रेडरिक पूल यास आहे.

पूलचा जन्म २४ डिसेंबर १८२१ रोजी मॅसॅच्युसेट्स संस्थानातील सेलम या गावी झाला. घरची स्थिती बेताची असल्यामुळे लहानपणीच त्याची शाळा सुटली व जवाहिऱ्याच्या दुकानात, शेतावर, अशी मिळेल ती कामे त्यास करावी लागली. पुढे पुन्हा अभ्यास करून १८४२ साली तो येल येथील कॉलेजात दाखल झाला. परंतु एका वर्षातच पैसा संपला. तीन वर्षे शिक्षकाची नोकरी करून त्याने पैसा जमविला, पुन्हा कॉलेज गाठले आणि १८४९ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो पदवीधर झाला. त्याच्याबरोबरीचे बहुतेक विद्यार्थी त्याच्याहून लहान असले पाहिजेत. पण या उशिरातच त्याच्या जन्माचे कार्य त्यास सापडले.

येल येथे विद्यार्थ्यांच्या वादविवाद मंडळांची स्वतःची ग्रंथालये होती. त्यांपैकी एका मंडळाच्या ग्रंथालयात पूल काम करू लागला. वादसभेचा विषय जाहीर झाला की विद्यार्थी येत आणि या विषयावर कोठे काही लिहिलेले आहे काय, असे विचारीत. कपाटात नामांकित नियतकालिकांचे खंड ओळीने उभे होते, पण त्यांत काय आहे हे कोणासच सांगता येत नसे. पूलने एकेक खंड काढून त्यातील लेखांची विषयवार टाचणे करण्यास आरंभ केला. त्या हस्तलिखित वहीवर विद्यार्थ्यांची अशी झुंबड उडाली की ती फाटून जाण्याची वेळ आली. तेव्हा छापण्यावाचून गत्यंतर उरले नाही. १८४८ साली न्यूयॉर्क येथे पटनम याने ती १५४ पृष्ठांची सूची प्रसिद्ध केली. सूचीकार अद्याप विद्यार्थीच होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

सूचीची रचना साधी होती. प्रथम विषयाचा शब्द, त्यापुढे नियतकालिकाचे संक्षिप्त नाव, खंड आणि पृष्ठ. विषयावरच एवढा भर का, असे कोणी विचारील. त्या काळी इंग्रजी त्रैमासिकांतील लेखांखाली लेखकाचे नाव घालण्याची चाल बहुधा नव्हती. तेव्हा विषय सोडून लेख पकडावयास दुसरी मूठच नव्हती. शिवाय मथळे पुष्कळदा अलंकारिक असत. अशा ठिकाणी मथळा बाजूस ठेवून लेखच चाळावा लागे व त्याचा खरा विषय ठरवावा लागे. हे काम यांत्रिक नव्हे. त्यास बहुश्रुतपणा लागतो.

१८५३ साली ५२१ पृष्ठांची दुसरी आवृत्ती निघाली. परंतु तीत १८५२ च्या जानेवारीपर्यंतचेच लेख होते, आणि नियतकालिके तर दरमहा वाढतच होती. पूल आता बॉस्टन अथेनियम या प्रसिद्ध ग्रंथालयाचा प्रमुख झाला. पुढे सिनसिनाटी व १८७४ पासून शिकागो येथील सार्वजनिक ग्रंथालये त्याने नावारूपास आणली. (शिकागोचे ग्रंथालय १८७१ च्या भयंकर आगीनंतर, इंग्लंडहून देणगीदाखल आलेल्या पुस्तकांनिशी, पाण्याच्या एका जुन्या लोखंडी टाकीत सुरू झाले होते!) या व्यापात सूची मागे पडली आणि जवळजवळ तीस वर्षे अभ्यासकांस जुन्या आवृत्तीवरच भागवावे लागले. हे काम एकट्याच्या आटोक्यातले राहिले नाही, हे पूलने ओळखले.

१८७६ साली फिलाडेल्फिया येथे अमेरिकन ग्रंथपालांची परिषद भरली. तेथे सहकार्याची योजना ठरली: सुमारे पन्नास ग्रंथालयांनी नियतकालिके आपसांत वाटून घ्यावी, एकाच नियमाने टाचणे करावी व ती पूलकडे पाठवावी. कोणास वेतन नव्हते. पूल व त्याचा सहकारी विल्यम फ्लेचर यांनी हा ढीग एकत्र गुंफला. तोही आपापल्या ग्रंथालयाची कामे सांभाळून. १८८२ साली तिसरी आवृत्ती बाहेर पडली, तीत २३२ नियतकालिकांचे ६२०५ खंड आले होते. तीत उणिवाही होत्या. लेखाचे वर्ष नोंदीत दिलेले नसे. खंडाच्या क्रमांकावरून ते आरंभीच्या कोष्टकात पाहावे लागे. विषयांचे शब्दही सर्वत्र सारखे नव्हते. तथापि ती नसती तर त्या शतकातील लेखांचा केवढा भाग अंधारात राहिला असता!

पूल स्वतः इतिहाससंशोधक होता, ही गोष्ट त्याचे चरित्र सांगताना बहुधा दोन ओळींत आटोपतात. ते बरोबर नाही. त्याच्या जन्मगावी १६९२ साली चेटकाच्या आरोपावरून एकोणीस जणांस फाशी देण्यात आले होते. या प्रकरणी कॉटन मॅथर या धर्मोपदेशकावर चार्ल्स अपहम याने १८६७ च्या आपल्या ग्रंथात मोठा दोष ठेवला. पूलने १८६९ साली नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू या नियतकालिकात मॅथरची बाजू मांडली व त्याच वर्षी अपहमने दुसऱ्या एका नियतकालिकात उत्तर दिले. ज्याने केवळ ग्रंथ वाचला, त्यास या वादाची एकच बाजू कळली. दुसरी लेखांत होती. सूची कशासाठी, याचे याहून चांगले उदाहरण मला तरी सुचत नाही. १८८८ साली अमेरिकन इतिहास परिषदेचे अध्यक्षपद पूलकडे होते.

आयुष्याची अखेरची वर्षे शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाच्या उभारणीत घालवून १ मार्च १८९४ रोजी तो निवर्तला. फ्लेचर व इतरांनी पुरवण्या काढून सूची १९०६ अखेरपर्यंत आणली.

आता ती संगणकाच्या भांडारात गेली आहे. शब्द लिहावा आणि क्षणात नोंदी पुढे याव्या, इतके काम सोपे झाले. मात्र शब्द कोणता लिहावा, हे शोधणाऱ्यासच ठरवावे लागते. १८५७ च्या उठावावरील त्या काळचे इंग्रजी लेख ज्यास हवे असतील, त्याने स्वातंत्र्ययुद्ध हा शब्द घालून उपयोग नाही. म्यूटिनी आणि सिपॉय हेच शब्द घालावे लागतात. मुंबईविषयी काही हवे असेल, तर बॉम्बे असे लिहावे लागते.