आवाज गेला, गायकी आली

गेल्या वर्षी वक्तृत्वस्पर्धेत माझ्या तोंडून शब्दच फुटेना. जोतिबाच्या डोंगरावर चैत्री यात्रेत चांगभलंचा गजर करणारा हाच का तो गळा? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. वाटले, हे आपले काम नव्हे. अशा वेळी उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांचे चरित्र वाचनात आले.

खाँसाहेबांचा जन्म १८५५ साली राजस्थानातील उनियारा येथे झाला. वडील लवकर वारले. चुलते जहांगीर खाँ यांनी त्यांना कसून तालीम दिली. तरुणपणी त्यांचा आवाज गोड आणि चपळ होता. परंतु माळव्यातील आमलेटा संस्थानात राजाच्या आग्रहाखातर दिवसामागून दिवस तासन्तास गावे लागले आणि आवाज बसला. तो पुन्हा पूर्वीसारखा कधीच झाला नाही. गवयाचा आवाज जाणे म्हणजे ऐन उमेदीत पैलवानाचा पाय मोडणेच!

पण खाँसाहेब खचले नाहीत. उरलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली. लयीचा हात न सोडता, एका तानेतून दुसरी तान उमलत जाणारी ही पेचदार गायकी म्हणजेच जयपूर-अत्रौली घराणे. अनवट रागांचे तर ते भांडारच होते.

राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना करवीर दरबारात मानाचे स्थान दिले. १९२२ साली महाराज गेले आणि खाँसाहेब मुंबईस गेले. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांना त्यांनी विद्या दिली. पुत्र मंजी खाँ व भूर्जी खाँ यांनाही घडवले. १६ मार्च १९४६ रोजी मुंबईत ते पैगंबरवासी झाले.

खाँसाहेबांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका नाही. मात्र १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांतून जगभरचे निवडक संगीत अंतराळात धाडले, त्यात केसरबाईंची भैरवी आहे. ज्याचा स्वतःचा आवाज हरवला, त्याची तालीम आज ताऱ्यांच्या वाटेवर आहे!

मित्रहो, दैव गळा हिरावून नेईल, पण मेहनत कोण नेणार? यंदा वक्तृत्वस्पर्धेच्या यादीत मी पुन्हा नाव घातले आहे.