ट्युबा वाजवायला फुफ्फुसं दांडगी लागतात म्हणायचे, दमा असलेल्या माणसाने ऑर्केस्ट्रात ४४ वर्षं तोच वाजवला

सचिन भारी की विराट, पेले भारी की मॅराडोना, लता की आशा. आपल्याकडे कट्ट्यावर चार डोकी जमली की हा विषय निघतोच, आणि तो आजवर कुठल्याच कट्ट्यावर मिटलेला नाही.

असाच एक वाद जगातल्या एका छोट्याशा जमातीत वर्षानुवर्षं चालू आहे. जगातला सगळ्यात भारी ट्युबावादक कोण?

आता तुम्ही म्हणाल, ट्युबा म्हणजे नेमकं काय? मिलिटरी किंवा पोलीस बँडमध्ये एक माणूस भलंमोठं पितळी वाद्य पोटाशी धरून उभा असतो बघा. बाकीचे धून वाजवतात आणि हा खालून नुसता बूम बूम करत असतो. त्याच कुळातला हा ट्युबा. १८३५ साली बर्लिनमध्ये विप्रेख्त आणि मोरिट्झ या दोघांनी त्याचं पेटंट घेतलं. त्याआधी पितळी वाद्यांमध्ये तळाचा भरीव सूर देणारं धड वाद्यच नव्हतं. ऑर्केस्ट्रात साधारण जो ट्युबा वापरतात त्याची गुंडाळलेली नळी उलगडून सरळ केली तर १६ फुटांच्या आसपास भरते.

या वादात नावं बरीच येतात. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे विल्यम बेल येतात. १९६१ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी रिसायटल हॉलमध्ये निव्वळ ट्युबाची मैफल करणारे रॉजर बोबो येतात. १९७५ च्या 'जॉज' सिनेमात शार्क जवळ यायला लागला की जो खोल सूर ऐकून काळजात धस्स होतं, तो वाजवणारे टॉमी जॉन्सन येतात.

पण वाद कितीही रंगला तरी शेवटी एक नाव निघतं आणि बहुतेक जण जरा थबकतात. ते नाव म्हणजे आर्नोल्ड जेकब्स.

गंमत अशी की ज्या वाद्याला सगळ्यात जास्त हवा लागते त्या वाद्याच्या या बादशहाची फुफ्फुसंच कमकुवत होती.

सुरुवात झाली बिगुलापासून

जेकब्स यांचा जन्म ११ जून १९१५ चा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियातला. लहानपण मात्र गेलं कॅलिफोर्नियात. आई पियानो वाजवायची, त्यामुळे घरात सूर होतेच. पोराच्या हातात आधी बिगुल आलं, मग ट्रम्पेट, मग ट्रॉम्बोन आणि शेवटी ट्युबा. वाद्य दरवेळी मोठं होत गेलं.

१५ व्या वर्षी या पोराला फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये शिष्यवृत्ती मिळाली. साल होतं १९३०. अमेरिकेत महामंदी सुरू झालेली, लोकांच्या नोकऱ्या जात होत्या. अशा काळात संगीत शिकायला पैसे कोण घालणार? पण कर्टिसमध्ये निवड झाली की फी नसायची. तिथे फिलिप डोनाटेली हे त्यांचे ट्युबाचे गुरू होते आणि ऑर्केस्ट्राचे धडे द्यायला होते फ्रिट्झ राइनर, म्हणजे शिस्तीच्या बाबतीत जमदग्नी. पुढे राइनर यांच्या हाताखाली त्यांनी आयुष्याची बरीच वर्षं काढली.

१९३६ साली शिक्षण संपलं. दोन हंगाम इंडियानापोलिसच्या ऑर्केस्ट्रात गेले. १९३९ ते १९४४ ते पिट्सबर्गमध्ये होते, तिथेही समोर राइनरच. मधे १९४१ साली लिओपोल्ड स्टोकोव्स्कींच्या तरुणांच्या ऑर्केस्ट्राबरोबर त्यांनी दौराही केला. आणि १९४४ साली त्यांना शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रात जागा मिळाली.

ही जागा मिळणं म्हणजे काय ते समजून घ्या. मोठ्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाले तीसेक असतात. ट्युबावाला एकच. तो निवृत्त झाला किंवा गेला तरच जागा रिकामी होते. त्यामुळे एका खुर्चीसाठी देशभरातले वादक वर्षानुवर्षं डोळे लावून बसलेले असतात. एवढं करून जागा मिळाली तरी काही रचनांमध्ये बहुतेक वेळ गप्प बसावं लागतं. ड्वोरझाकच्या 'न्यू वर्ल्ड' सिंफनीत ट्युबाच्या वाट्याला सगळे मिळून १४ स्वर येतात. बाकीचा वेळ मोजत बसायचं, आणि ते १४ स्वर मात्र चुकायचे नाहीत.

जेकब्स त्या खुर्चीवर बसले ते १९८८ पर्यंत. सलग ४४ वर्षं.

हप्त्याने घेतलेला ट्युबा

ज्या वाद्यावर त्यांनी हे सगळं केलं, त्याचीही एक स्टोरी आहे.

१९३० च्या दशकात मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स गावच्या यॉर्क कंपनीने फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रासाठी खास मोठा ट्युबा बनवला. स्टोकोव्स्कींना ऑर्केस्ट्राखाली ऑर्गनसारखा भरीव सूर हवा होता. तो वाजवायचा होता डोनाटेलींनी. पण डोनाटेलींचं पोट होतं मोठं आणि ट्युबाही मोठा. दोघांचं काही जमेना. ट्युबा पोटावर नीट बसायचाच नाही.

मग तो ट्युबा त्यांनी आपल्या सडपातळ विद्यार्थ्याला विकून टाकला. किंमत ठरली १७५ डॉलर. विद्यार्थ्याकडे एवढे रोख कुठले? त्याने ते हप्त्याहप्त्याने फेडले.

तोच ट्युबा पुढे जगातला सगळ्यात नावाजलेला ट्युबा ठरला. त्याचा जोडीदार असलेला दुसरा यॉर्कही नंतर जेकब्स यांच्याकडे आला. हे दोन्ही पुढे शिकागो ऑर्केस्ट्राच्या मालकीचे झाले आणि जेकब्स यांच्यानंतर आलेल्या जीन पोकोर्नी यांनीही ते वाजवले. स्वित्झर्लंडच्या आणि जपानच्या नामांकित कंपन्यांनी त्यांची मापं घेऊन हुबेहूब नकला बनवल्या. आज नव्या ट्युबाच्या जाहिरातीत यॉर्कच्या धर्तीवर बनवलेला असं लिहिलेलं असलं की समजायचं, मूळ हाच.

आता मुद्द्याचं, म्हणजे हवेचं

गरम चहावर फुंकर मारताना आपण ओठ थोडे उघडे ठेवतो आणि हवा सोडून देतो. ट्रम्पेट वाजवायला हवा थोडी लागते, पण दाब जास्त लागतो. ट्युबाचं उलटं आहे. दाब कमी, पण हवा ढीगभर. जोरात खालचा सूर लावला तर काही सेकंदांत छाती रिकामी होते.

मग ज्याची फुफ्फुसं मोठी तो भारी ट्युबावाला, असा सरळ हिशोब लोक मांडायचे. या हिशोबात जेकब्स बसतच नव्हते. त्यांची फुफ्फुसांची क्षमता आधीच बेताची. त्यात पुढे दमा जडला आणि वयाबरोबर क्षमता अजून घटत गेली.

दुसरा कोणी असता तर रडत बसला असता किंवा वाद्य बदललं असतं. जेकब्स यांनी शरीरशास्त्राची पुस्तकं उघडली.

आपण श्वास घेतो तेव्हा कुठला स्नायू काय करतो, सोडतो तेव्हा काय होतं, हे त्यांनी एखाद्या वैद्यकीच्या विद्यार्थ्यासारखं वाचून काढलं. डॉक्टरांच्या मदतीने वेगवेगळ्या वादकांच्या हवेचा दाब आणि वेग मोजून घेतला. आणि त्यांच्या लक्षात आलं की कित्येक मास्तर पोरांना जे शिकवतायत त्याने फायदा कमी आणि नुकसान जास्त होतंय.

तेव्हा शिकवणुकीचा ठरलेला मंत्र होता की पोट आवळा, छातीपोटाच्या मधला पडदा ताठ ठेवा, म्हणजे सुराला आधार मिळेल. जेकब्स यांचं म्हणणं होतं की तो पडदा मुळात श्वास आत घेण्याचा स्नायू आहे. हवा बाहेर टाकताना त्याने सैल पडायला हवं. जड पोतं उचलताना आपण श्वास रोखतो आणि पोट आवळतो. तेव्हा आत दाब भरपूर तयार होतो, पण हवा जागची हलत नाही. नेमकं हेच वाजवताना केलं तर तोंड लाल होतं, मानेच्या शिरा फुगतात आणि सूर मात्र चिमणीएवढा निघतो.

म्हणजे लागतो तो हवेचा प्रवाह. ताकद लावून उपयोग नाही.

कमी हवा असणाऱ्यांसाठी त्यांचा सल्ला अगदी व्यवहारी होता. छाती पूर्ण भरून घ्या आणि रिकामी व्हायच्या आधीच पुन्हा भरा. कारण भरलेल्या फुफ्फुसातून हवा आपसूक बाहेर येते, तळाची उरलेली हवा काढायला मात्र जोर लावावा लागतो. मोठ्या टाकीवाल्याने एकदा पेट्रोल भरलं की भागतं, छोट्या टाकीवाल्याने पंप दिसला की थांबायचं. गाडी दोघांचीही मुक्कामी पोहोचते. ऐकणाऱ्याला श्वास कुठे घेतला ते कळू नये, एवढीच काय ती कला.

पण डोक्यात श्वास ठेवायचा नाही

एवढं शरीरशास्त्र शिकून झाल्यावर जेकब्स यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं की वाजवताना यातलं काहीही आठवायचं नाही.

ऐकायला विचित्र वाटतं, पण सायकल चालवताना आपण कुठला स्नायू कधी आवळायचा याचा विचार करतो का? केला तर पडू. जेकब्स म्हणायचे की शरीराला स्नायूंचे हुकूम देऊ नका, त्याला परिणाम सांगा. सूर कसा निघायला हवा ते आधी मनात स्वच्छ ऐका, जणू आतल्या आत गाताय. मग हवा सोडा. बाकीचं मेंदू बघून घेतो. गाणं आणि हवा, या दोन शब्दांत त्यांची सगळी शिकवण बसते. यातही गाण्याचा वाटा मोठा.

शिकागोच्या मिशिगन अव्हेन्यूवरच्या फाइन आर्ट्स बिल्डिंगमध्ये त्यांचा स्टुडिओ होता. आत गेलं की संगीताची खोली आहे की दवाखाना, असा प्रश्न पडावा. हवा मोजायची यंत्रं, नळ्या, फुंकर मारली की वर उडणारे छोटे चेंडू. वाद्य बाजूला ठेवायला लावून ते आधी चेंडू वर ठेवायला सांगायचे. चेंडूकडे बघता बघता माणूस पोट आवळायचं विसरून जायचा. मग हळूच वाद्य हातात द्यायचे. जुनी खोड मोडत बसण्यापेक्षा शेजारी नवी सवय उभी करायची, ही त्यांची पद्धत.

तिथे फक्त ट्युबावाले यायचे असंही नाही. ट्रम्पेट, हॉर्न, बासरी वाजवणारे, गाणारे, सगळे यायचे. नोकरी जायच्या बेताला आलेले व्यावसायिक वादक गुपचूप यायचे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातही ते शिकवायचे. त्यांचे विद्यार्थी देशोदेशीच्या ऑर्केस्ट्रांमध्ये जाऊन बसले.

आणि वाजवून दाखवलं

नुसतं शिकवणारे भरपूर असतात. जेकब्स यांचं वजन होतं ते रोज संध्याकाळी स्टेजवर सिद्ध करण्यामुळे.

१९५३ मध्ये राइनर शिकागोत आले आणि नंतर १९६९ मध्ये जॉर्ज शोल्टी. या काळात शिकागोचा पितळी विभाग जगात दबदबा ठेवून होता. वर ट्रम्पेटला अॅडॉल्फ हर्सेथ आणि तळाला जेकब्स. ही जोडगोळी दोन खांबांसारखी ४० वर्षं उभी होती. १९७१ साली ऑर्केस्ट्रा पहिल्यांदा युरोपच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा तिथल्या लोकांनीही हा आवाज समोर बसून ऐकला. १९६८ साली शिकागो, फिलाडेल्फिया आणि क्लीव्हलँड या तीन ऑर्केस्ट्रांच्या वादकांनी मिळून गॅब्रिएलीच्या रचनांची रेकॉर्ड केली, तिला ग्रॅमी मिळालं. त्यातही जेकब्स होते.

मग आलं १९७७ साल. व्हॉन विल्यम्सने १९५४ मध्ये ट्युबासाठी एक कंचेर्टो लिहिला होता. म्हणजे ट्युबा पुढे आणि अख्खा ऑर्केस्ट्रा मागे. त्याच्या मधल्या भागात गाण्यासारख्या लांबच लांब ओळी आहेत, दम काढणाऱ्या. डॅनियल बॅरनबॉइम यांच्या संचालनाखाली जेकब्स यांनी तो रेकॉर्ड केला, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती आणि सोबतीला दमा होता. ती रेकॉर्ड ऐकताना हा माणूस हवेसाठी झगडतोय असं एकदाही वाटत नाही.

१९८८ मध्ये ते निवृत्त झाले, पण शिकवणं थांबलं नाही. ७ ऑक्टोबर १९९८ रोजी शिकागोत वयाच्या ८३ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या ऑर्केस्ट्रातल्या ट्युबाच्या खुर्चीला आज त्यांचंच नाव आहे.

मग सगळ्यात भारी कोण?

वेगात बोबो पुढे होते असं कोणी म्हणेल, सिनेमात जॉन्सन यांना तोड नाही असं कोणी म्हणेल, आणि दोघांचंही चूक नसेल. जेकब्स यांच्या बाजूने बोलणारे वेगळंच सांगतात. बाकीच्यांचं वाजवणं ऐकून लोकांनी टाळ्या वाजवल्या. जेकब्स यांच्यामुळे हजारो लोकांची श्वास घेण्याची पद्धत बदलली, आणि त्यातल्या कित्येकांनी तर ट्युबाला कधी हातही लावलेला नाही.

फुफ्फुसं धडधाकट असती तर त्यांनी शरीरशास्त्राची पुस्तकं एवढी चाळली असती का, हा प्रश्न उरतोच. बहुधा ते ट्युबा चांगला वाजवून घरी गेले असते. हवा कमी पडली म्हणून त्यांना ती नीट वापरायला शिकावं लागलं, आणि शिकलेलं त्यांनी सगळ्यांना वाटून टाकलं.

कट्ट्यावरचा वाद यानेही मिटणार नाही म्हणा. पण पुढच्या वेळी बँडमध्ये मागे उभा राहून बूम बूम करणारा माणूस दिसला, तर त्याच्याकडे जरा नीट बघा. तो नेमका श्वास कधी घेतो ते तुम्हाला कळलं नाही, तर समजा गडी पक्का आहे.