इमाम अबू हनीफा आणि भिंतीपलीकडचा तरुण

सकाळी दार उघडावे आणि नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीवर कोणी रात्रीतून कोळशाने काहीबाही खरडून ठेवलेले दिसावे, अंगणातील कुंड्या फुटलेल्या असाव्यात, खिडकीच्या काचेला दगडाने भोक पडलेले असावे, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांच्या वाट्याला आलेला असेल. हे कोणी केले तेही बहुधा ठाऊक असते. आपल्याच मोहल्ल्यातील पंधरा-सोळा वर्षांची पोरे, ज्यांच्या अकीक्याचे जेवण आपण जेवलो, ज्यांना ईदच्या दिवशी हातावर ईदी ठेवली! अशा वेळी मनात पहिला विचार पोलीस ठाण्याचा येतो, दुसरा मुलाच्या बापाशी भांडण्याचा, आणि दोन्हींचा कंटाळा असला तर तिसरा, गप्प बसून सब्र करण्याचा. आज ज्या महापुरुषाचे जीवन आपल्यापुढे ठेवीत आहे त्यांनाही असा एक शेजारी होता, आणि त्यांनी धरलेली वाट या तिन्हींहून निराळी होती.

इमाम अबू हनीफा (रह.) यांचे मूळ नाव नुअमान बिन साबित. हिजरी सन 80 मध्ये, म्हणजे इ.स. 699 च्या सुमारास, इराकमधील कूफा शहरी त्यांचा जन्म झाला. घराणे पारसिक वंशाचे, व्यवसाय कापडाचा. रेशीममिश्रित उंची वस्त्राचे त्यांचे दुकान कूफ्यात प्रसिद्ध होते. पुढे ज्यांना जगाने ‘इमामे आझम’ म्हटले, ते विशीच्या आतबाहेरचे असताना बाजारातच रमलेले एक हुशार तरुण होते, ही गोष्ट आपण विसरतो. चरित्रकार सांगतात की एके दिवशी ते नेहमीप्रमाणे बाजाराकडे निघाले असता कूफ्याचे थोर विद्वान इमाम शअबी यांनी त्यांना वाटेत थांबविले आणि कुठे निघालास, कोणाकडे जात असतोस, असे विचारले. नुअमान यांनी एका व्यापाऱ्याचे नाव सांगितले. शअबींनी पुन्हा विचारले की बाजाराचे नव्हे, विद्वानांपैकी कोणाकडे जात असतोस? कोणाकडेच नाही, हे उत्तर ऐकून ते रागावले नाहीत. तुझ्यात मला जागरूकता आणि चपळाई दिसते, ती विद्येकडे वळव, एवढेच सांगून ते थांबले. ते शब्द नुअमान यांच्या मनात घर करून राहिले. रस्त्यावरच्या एका वडीलधाऱ्याने रस्त्यावरच्या एका तरुणाची अशी दोन मिनिटे विचारपूस केली, त्याचे फळ आज जगातील कोट्यवधी मुसलमानांच्या नमाज-रोजाच्या रीतीत दिसते. आपल्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या पोरांना कुठे निघालास हे आपण शेवटचे कधी विचारले? (हटकण्याच्या सुरात विचारलेले यात धरू नये.)

त्यानंतर त्यांनी हम्माद बिन अबी सुलैमान यांच्या पायाशी अठरा वर्षे विद्याभ्यास केला आणि हिजरी 120 मध्ये गुरूंच्या निधनानंतर त्यांचीच गादी सांभाळली. दुकान मात्र सोडले नाही. स्वतःच्या कष्टाचे खाणे आणि राज्यकर्त्यांच्या देणग्यांपासून दूर राहणे हा त्यांचा आयुष्यभराचा नेम होता. हा नेम लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

भिंतीचीच गोष्ट निघाली आहे, तर आधी एक प्रसंग ऐका. तो इमाम राझी यांनी आपल्या कुरआन-भाष्यात दिला आहे. एका मजूसीकडे, म्हणजे अग्निपूजकाकडे, इमाम साहेबांचे काही येणे होते. ते मागण्यासाठी ते त्याच्या दाराशी गेले असता त्यांच्या पादत्राणाला घाण लागली. ती त्यांनी झटकली, तर उडून नेमकी त्या मजूसीच्या घराच्या भिंतीवर बसली. इमाम साहेब जागीच थबकले. तशीच राहू द्यावी तर परक्याची भिंत विद्रूप होते, आणि खरवडावी तर भिंतीची माती निघून येते. दार ठोठावून त्यांनी घरमालकाला बोलावले. तो बिचारा पैशाचा तगादा आला असे समजून सबबी सांगू लागला. इमाम साहेबांनी त्याला थांबवून सांगितले की त्याहून महत्त्वाचा प्रश्न उभा राहिला आहे, तुझी भिंत माझ्याकडून खराब झाली, ती कशी स्वच्छ करून देऊ? तो मजूसी तेथेच ईमान घेऊन आला, असे राझी लिहितात. कर्जदाराच्या भिंतीवर नकळत पडलेल्या एका डागासाठी ज्यांचा जीव कासावीस झाला, त्या माणसाला दुसऱ्याच्या घराची, त्याच्या शांततेची, त्याच्या मातीच्या कणाचीही किंमत ठाऊक होती. म्हणून पुढचा प्रसंग वाचताना, यांना शेजाऱ्याच्या त्रासाचे काही वाटतच नसेल, असा समज करून घेऊ नका.

कूफ्यात त्यांच्या घराला लागून एक तरुण मोची राहत असे. दिवसभर काम करावे, अंधार पडला की मांस किंवा मासळी घेऊन घरी यावे, ते रांधावे, भाजावे, मद्य प्यावे आणि नशा चढली की मोठमोठ्याने गात बसावे, असा त्याचा क्रम. त्याची आवडती ओळ एका जुन्या अरबी कवीची होती. लोकांनी आपल्यासारखा उमदा गडी हातचा घालविला, अशी तक्रार तिच्यात आहे. झोप येईपर्यंत तो तीच ओळ घोळवीत राही. भिंतीच्या अलीकडे इमाम साहेब रात्रीच्या नमाजेत उभे असत. एका भिंतीच्या एका बाजूला कुरआनचे पठण आणि दुसऱ्या बाजूला दारुड्याचे गाणे, असे रात्रीमागून रात्री चालले.

एके रात्री गाण्याचा आवाज आला नाही. येथे आपल्यापैकी बहुतेकांनी अल्लाहचे आभार मानून निवांत झोप घेतली असती. इमाम साहेबांनी चौकशी केली. कळले की काही रात्रींपूर्वी गस्तीच्या शिपायांनी त्याला धरून नेले असून तो कैदेत आहे. दुसऱ्या दिवशी फजरची नमाज आटोपताच त्यांनी आपल्या खेचरावर खोगीर चढविले आणि ते थेट कूफ्याच्या अमीराच्या दाराशी गेले. ज्या माणसाने स्वतःसाठी सत्ताधाऱ्यांचा उंबरठा ओलांडायचा नाही असा नेम केला होता, तो एका दारुड्या मोच्यासाठी सकाळच्या पहिल्या प्रहरी तेथे उभा राहिला! अमीरालाही त्याचे नवल वाटले असावे. त्यांना खाली उतरू न देता स्वारीसह आत आणा, असा हुकूम त्याने दिला आणि मजलिशीत त्यांना मानाने जागा करून दिली. काय काम काढले, असे विचारल्यावर इमाम साहेबांनी माझा एक शेजारी, मोची, कैदेत आहे, त्याला सोडावे, एवढेच मागितले. अमीराने त्यालाच नव्हे, तर त्या रात्रीपासून पकडलेल्या सर्वांनाच सोडून देण्याची आज्ञा केली.

परतताना इमाम साहेब खेचरावर आणि तो तरुण मागून पायी, असे दोघे चालले होते. वाटेत उपदेश झाला नाही. घराशी उतरल्यावर ते त्याच्याकडे वळले आणि त्याच्याच आवडत्या ओळीचा धागा धरून त्यांनी विचारले की काय रे तरुणा, आम्ही तुला हातचा घालविला का? त्याने उत्तर दिले की नाही, आपण मला जपले, शेजाऱ्याचा हक्क अदा केला. त्याने तौबा केली आणि पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

हा प्रसंग आपल्याकडे सब्रचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. माझे नम्र मत थोडे वेगळे आहे. सब्र तर कित्येक रात्री चाललेच होते आणि त्या रात्रींनी त्या तरुणात तिळमात्र फरक पडला नव्हता. फरक पडला तो आवाज थांबल्याचे ज्याच्या लक्षात आले, त्याने खोगीर चढविले तेव्हा. आणखी एक पाहा. त्रास म्हणून कानावर पडणारे ते गाणे इमाम साहेबांनी शब्दांसह ऐकले होते. आम्हाला कोणी विचारत नाही, हेच तो पोरगा रोज रात्री ओरडून सांगत होता. भिंतीवर कोळशाने खरडणारी मुले याहून वेगळे काही सांगत असतील, असे मला वाटत नाही.

आता कोणी म्हणेल, गाणे म्हणजे काही फुटलेली काच नव्हे; काचेला पैसे पडतात. प्रश्न रास्त आहे आणि हनफी फिकहने तो टाळलेला नाही. अल्पवयीन मुलाने दुसऱ्याच्या मालाची नासधूस केली तर शिक्षा त्याच्यावर नाही, पण भरपाई आहे, आणि ती त्याच्या स्वतःच्या मालातून आहे. उस्मानी राजवटीत 1869 ते 1876 या काळात हनफी मतांवरून संकलित झालेल्या ‘मजल्ला’ या कायदेग्रंथात स्पष्ट कलम आहे की मुलाजवळ काही नसेल तर तो सक्षम होईपर्यंत वाट पाहावी, पालकाला भरण्यास भाग पाडू नये. म्हणजे बापाच्या गळपट्टीला हात घालण्याची मुभा नाही आणि मुलाने केलेले विसरून जाण्याचीही सक्ती नाही. आपला हक्क तुम्हाला माफ करायचा असेल तर ती तुमची थोरवी. सुट्टीच्या दिवशी त्याच मुलाच्या हाती चुन्याची बादली देऊन ती भिंत आपल्यासोबत रंगवून घेणे या नियमाच्या आत्म्याला धरूनच होईल.

तरुणांविषयी इमाम साहेबांचा दृष्टिकोन त्यांच्या आणखी एका मतातून कळतो. उधळ्या तरुणाचा माल त्याच्या हाती पंचवीस वर्षांपर्यंत देऊ नये, असे ते मानीत. पण तो वयात आल्यावर त्याच्या व्यवहारांवर बंदी घालणे त्यांना मान्य नव्हते. ‘हिदाया’त त्यांची बाजू मांडताना म्हटले आहे की त्याचा अधिकारच काढून घेणे म्हणजे त्याचे माणूसपण पुसून त्याला जनावरांच्या रांगेत उभे करणे होय. त्यांच्या दोन्ही थोर शिष्यांनी, अबू यूसुफ आणि मुहम्मद शैबानी यांनी, या बाबतीत गुरूशी मतभेद नोंदविला, आणि तो हनफी ग्रंथांत आजही तसाच आहे. (कोकणातील शाफई कुटुंबांनाही हे घर परके नाही, इमाम शाफई हे याच शैबानींकडे शिकले.)

अबू यूसुफ यांचीच कथा घ्या. एका वृत्तांतानुसार वडील वारलेले, घरी दारिद्र्य. आईने मुलाला धोब्याकडे कामास लावले, तर तो तेथून पळून इमाम साहेबांच्या वर्गात येऊन बसे. आई शोधीत येई आणि हाताला धरून परत नेई. अखेर तिने इमाम साहेबांनाच बोल लावला की माझ्या पोराला तुम्हीच बिघडविले. त्यांनी तिला सांगितले की हा पिस्त्याच्या तेलातील फालूदा खायला शिकतो आहे. म्हातारा भ्रमिष्ट झाला असे म्हणत ती निघून गेली. इमाम साहेबांनी त्या मुलाचा खर्च स्वतःच्या दुकानातून चालविला. अनेक वर्षांनी खलीफा हारून अर-रशीद यांच्या दस्तरखानावर तोच पदार्थ समोर आला तेव्हा काजी अबू यूसुफ यांना हसू आवरेना.

न्यायाधीशपद नाकारल्याबद्दल इमाम साहेबांनी उमय्यांच्या काळात इब्ने हुबैराचे फटके सोसले आणि अब्बासी खलीफा मन्सूरच्या काळात बगदादचा कारावास. हिजरी 150 मध्ये, इ.स. 767 साली, तेथेच त्यांचे निधन झाले. शेजाऱ्याला कैदेतून सोडवून आणणाऱ्या या माणसाची स्वतःची अखेर कैदेत झाली. बगदादच्या खैजुरान कबरस्तानात त्यांना दफन करण्यात आले. कबरीभोवती पुढे वस्ती वाढत गेली आणि तिला त्यांच्याच पदवीवरून आझमिया हे नाव पडले. त्या मोच्याचे नाव मात्र कोणाही चरित्रकाराने लिहून ठेवलेले आढळत नाही.