बुद्धिबळपटू नायडॉर्फ

बुद्धिबळाचा खेळ मूळचा आपल्या देशातला. प्राचीन काळी तो ‘चतुरंग’ या नावाने खेळला जाई. येथून तो इराणात व अरब देशांत गेला आणि पुढे युरोपात पोहोचला. चौसष्ट घरांच्या या पटाने आजवर अनेकांना कीर्ती मिळवून दिली. परंतु सर्वस्व हरपलेल्या एका माणसाला या पटाने नवा देश आणि नवे जीवन दिले. त्यांचे नाव मिगेल नायडॉर्फ.

नायडॉर्फ यांचा जन्म १५ एप्रिल १९१० रोजी पोलंडमधील वॉर्सा शहराजवळच्या एका गावी, ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे जन्मनाव मोयशे मेंडेल. किशोरवयात त्यांना बुद्धिबळाची गोडी लागली आणि लवकरच त्यांच्या बुद्धीची चमक जाणकारांच्या नजरेत भरली. साव्हिएली तार्ताकोव्हर या थोर खेळाडूचे मार्गदर्शन त्यांना लाभले. या गुरूंविषयीचा आदर नायडॉर्फ यांनी जन्मभर जपला. १९३५ साली वॉर्सा येथे राष्ट्राराष्ट्रांची बुद्धिबळ स्पर्धा, म्हणजे ऑलिंपियाड, भरली. त्या वेळी पंचवीस वर्षांचे नायडॉर्फ पोलंडच्या संघात होते. त्या संघाने तिसरा क्रमांक मिळवला.

१९३९ सालचे ऑलिंपियाड दक्षिण अमेरिकेत, अर्जेंटिनाची राजधानी ब्वेनोस आयरेस येथे भरणार होते. युरोपातील अनेक खेळाडू एकाच जहाजाने अटलांटिक महासागर ओलांडून तेथे गेले. नायडॉर्फही आपल्या गुरूंसह निघाले. पत्नी व लहान मूल, आईवडील आणि भावंडे मागे पोलंडमध्येच राहिली. काही आठवड्यांनी आपण घरी परतू, असेच त्यांना वाटले असेल.

ऑगस्टमध्ये स्पर्धा सुरू झाली. ती चालू असतानाच १ सप्टेंबर रोजी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले आणि दुसऱ्या महायुद्धाचा वणवा पेटला. एकाच सभागृहात दोन्ही देशांचे संघ खेळत होते! पोलंड आणि जर्मनी यांचा सामना प्रत्यक्ष खेळला गेलाच नाही. दोन्ही संघांना समान गुण देण्यात आले. अंती जर्मनी पहिला आला आणि पोलंड अवघ्या अर्ध्या गुणाने मागे राहून दुसरा. मायदेशावर बाँब पडत असताना पटावर चित्त एकाग्र करणे किती कठीण असेल! तरीही दुसऱ्या पटावरील खेळाबद्दल नायडॉर्फ यांनी वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले.

परतीची वाट मात्र बंद झाली होती. इतर अनेक खेळाडूंप्रमाणे नायडॉर्फही अर्जेंटिनातच राहिले. देश परका, भाषा परकी, आणि घरच्यांची काहीच वार्ता नाही. आपण जिवंत आहोत, हे त्यांना कळवावे तरी कसे?

नायडॉर्फ यांना एक युक्ती सुचली. आपण असा काही पराक्रम करावा, की त्याची बातमी दूर युरोपातील वृत्तपत्रांत छापून यावी. कदाचित घरचे कोणी ती वाचील आणि आपल्याशी संपर्क साधील. १९४३ साली रोसारिओ या शहरी त्यांनी पटाकडे न पाहता एकाच वेळी चाळीस जणांशी डाव मांडले. चाळीस पट म्हणजे आरंभी एक हजार दोनशे ऐंशी मोहरी. प्रतिस्पर्ध्याची चाल त्यांना सांगितली जाई आणि प्रत्येक पट मनातल्या मनात आठवून ते उत्तर देत. चाळीसपैकी छत्तीस डाव त्यांनी जिंकले. पुढे १९४७ साली ब्राझीलमधील साओ पाउलो येथे त्यांनी आपलाच विक्रम मोडला. या वेळी पंचेचाळीस पट होते. सुमारे साडेतेवीस तास हा खेळ चालला. एकोणचाळीस डाव त्यांनी जिंकले, चार बरोबरीत सुटले आणि केवळ दोन गमावले.

जगाने या पराक्रमाचे कौतुक केले. परंतु ज्यांच्यासाठी तो आरंभिला होता, त्यांच्याकडून उत्तर आले नाही. पत्नी, मूल, आईवडील, भाऊ हे सारे नाझींच्या क्रूर छळाला बळी पडले होते.

असा आघात झाल्यावर एखादा माणूस कायमचा खचून गेला असता. नायडॉर्फ यांनी १९४४ साली अर्जेंटिनाचे नागरिकत्व घेतले. त्यांनी विम्याचा व्यवसाय केला आणि त्यात उत्तम यश मिळवले. पुन्हा संसार थाटला. बुद्धिबळ तर चालूच होते. १९४६ साली हॉलंडमधील ग्रोनिंगेन येथील स्पर्धेत अखेरच्या फेरीत त्यांनी रशियाच्या बोत्विनिक यांचा पराभव केला. तरीही १९४८ साली जगज्जेतेपद ठरवण्यासाठी पाच खेळाडूंची स्पर्धा झाली, तेव्हा तीत नायडॉर्फ यांना स्थान मिळाले नाही. त्या स्पर्धेत बोत्विनिकच जगज्जेते झाले.

निराश न होता नायडॉर्फ खेळत राहिले. १९५० साली ॲम्स्टरडॅम येथील मोठ्या स्पर्धेत ते पहिले आले. त्याच वर्षी जागतिक संघटनेने प्रथमच ग्रँडमास्टर हा किताब दिला, तेव्हा त्या सत्तावीस मानकऱ्यांत नायडॉर्फ होते. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या १९५० व १९५३ च्या स्पर्धांत ते खेळले, परंतु पहिला क्रमांक त्यांना मिळाला नाही. अमेरिकेच्या रेशेव्हस्की यांच्याशी झालेले दोन सामनेही त्यांनी गमावले. हार मनाला लावून घेऊन पट गुंडाळून ठेवणे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. १९५०, १९५२ आणि १९५४ अशा सलग तीन ऑलिंपियाडांत त्यांच्या नेतृत्वाखाली अर्जेंटिनाचा संघ दुसरा आला. बावन्नाव्या वर्षी हवाना येथील स्पर्धेत त्यांनी स्मिस्लोव्ह आणि तरुण स्पास्की यांना मागे टाकून पहिला क्रमांक पटकावला. साठाव्या वर्षी, १९७० साली बेलग्रेड येथे, त्यांनी माजी जगज्जेते ताल यांच्याशी चार डावांचा सामना बरोबरीत सोडवला.

४ जुलै 1997 रोजी स्पेनमधील मालागा येथे, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांचे नाव आजही पटावर घेतले जाते. ‘सिसिलियन बचाव’ नावाच्या डावात काळी मोहरी घेणारा खेळाडू पाचव्या चालीला वजिराकडच्या हत्तीपुढील प्यादे एकच घर पुढे सरकवतो. चाल अगदी साधी दिसते, पण पांढऱ्याच्या घोड्याला व उंटाला ती एक मोक्याचे घर बंद करते. या पद्धतीला नायडॉर्फ यांचेच नाव आहे. फिशर, कास्पारोव्ह आणि आपले विश्वनाथन आनंद यांच्यासारख्या जगज्जेत्यांनी ती वापरली.

नायडॉर्फ जगज्जेते झाले नाहीत. ज्यांना हाक मारण्यासाठी त्यांनी चाळीस पट मांडले, ते परत आले नाहीत. तरी मांडलेला डाव त्यांनी अर्ध्यावर सोडला नाही. बुद्धिबळातील प्यादे मागे फिरत नाही. समोर मोकळे असलेले घर तेवढे त्याचे असते. नायडॉर्फ यांनीही आपले आयुष्य असेच, एकेक घर पुढे जात, धैर्याने आणि प्रसन्न मुखाने जगून दाखवले.