मसीह-उल-मुल्क हकीम अजमल खान (रह.) : इलाजाची अमानत

नमाज-रोज्याच्या मसल्यांसोबत इमामाला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. आजारपणात युनानी दवा घ्यावी, वैद्याचा काढा घ्यावा की डॉक्टरांची गोळी? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दुसराच प्रश्न दडलेला असतो : यांपैकी ‘आपली’ दवा कोणती? दिल्लीच्या एका हकीमाने या प्रश्नाचे उत्तर आपल्या आयुष्याने दिले. त्या आयुष्याची ही ओळख.

हकीम अजमल खान यांचा जन्म १८६८ साली दिल्लीत झाला. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या हकिमीचे. मोगल दरबारात नावाजलेले हकीम शरीफ खान हे त्यांचे पूर्वज. त्यांच्याच नावावरून बल्लीमारान मोहल्ल्यातील त्यांची हवेली ‘शरीफ मंजिल’ म्हणून ओळखली जाई. बालपणी त्यांनी कुरआन मुखोद्गत केला, अरबी-फारसीचे शिक्षण घेतले आणि वडील हकीम गुलाम महमूद खान व थोरले बंधू हकीम अब्दुल मजीद खान यांच्यापाशी तिब्बचे धडे गिरवले. १८९२ साली ते रामपूरच्या नवाबांचे तबीब झाले. तेथील वास्तव्यानंतर आणि बंधूंच्या निधनानंतर घराण्याचा दवाखाना आणि अब्दुल मजीद खान यांनी स्थापन केलेला तिब्बिया मदरसा या दोहोंची जबाबदारी त्यांच्यावर आली.

तो काळ कसा होता, हे ध्यानी घेतले पाहिजे. हकीम नाडी पाहून रुग्णाचा मिजाज ओळखत असे. खून, बलगम, सफरा आणि सौदा या चार अखलातांचा समतोल ढळला की रोग होतो, अशी त्याची धारणा. वैद्य वात, पित्त आणि कफ यांच्या भाषेत विचार करी. इंग्रजी शिकलेला डॉक्टर जंतू, अवयव आणि रसायने यांविषयी बोले. रोगी एकच, वेदना एकच. परंतु तिघांची भाषा निराळी. राज्यकर्त्यांच्या लेखी यांपैकी एकच भाषा विद्या होती. १९१२ साली मुंबई इलाख्यात झालेल्या वैद्यक कायद्याने नोंदणीचा मान पाश्चात्त्य शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांपुरता राखला. हकीम व वैद्य कायद्याच्या दाराबाहेर राहिले. गावोगावची बहुसंख्य जनता मात्र त्यांच्याच औषधांवर जगत होती.

अशा वेळी मनुष्य सहसा दोनपैकी एक वाट धरतो. एक तर आपल्या वारशाची लाज बाळगून तो टाकून देतो, नाही तर त्या वारशाभोवती भिंत उभारून बाहेरचे सारे त्याज्य ठरवतो. हकीम साहेबांनी या दोन्ही वाटा नाकारल्या. १९१० साली त्यांनी वैद्य आणि हकीम यांना एका परिषदेत एकत्र आणले. हिंदू वैद्यांच्या विद्येचे रक्षण हे त्यांना आपल्या विद्येच्या रक्षणाइतकेच अगत्याचे वाटत होते. १९११ साली ते युरोपला गेले, तेथील रुग्णालये पाहिली, शस्त्रक्रिया पाहिल्या. लंडनमध्ये त्यांची गाठ डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्याशी पडली आणि हे स्नेहबंध आयुष्यभर टिकले. आपल्या तिब्बमध्ये शरीररचनेचे आणि शस्त्रक्रियेचे ज्ञान मागे पडले आहे, हे मान्य करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

येथे थोडे थांबून विचार करा. ज्या तिब्बला आपण अभिमानाने आपली म्हणतो, तिचे नावच ‘युनानी’ आहे. युनान म्हणजे ग्रीस. ग्रीक वैद्यांचे ग्रंथ बगदादमध्ये अरबी भाषेत आले, ते हुनैन बिन इसहाक यांच्यासारख्या ख्रिस्ती विद्वानाच्या हातून. भारतीय वैद्यकग्रंथांचेही त्या काळी अरबीत भाषांतर झाले. राझी आणि इब्न सीना यांनी त्या साऱ्याची पारख करून त्यात स्वतःच्या अनुभवाची भर घातली. आपल्या वडीलधाऱ्यांनी दवेला तिचा धर्म विचारला नव्हता. तिचा गुण विचारला होता. प्रेषित मुहम्मद (स.) यांनीही आजारी हजरत साद (रजि.) यांना सकीफ कबिल्याचा तबीब हारिस बिन कल्दा याच्याकडे पाठवल्याची रिवायत आहे, आणि त्यामागचे कारण त्याची विद्या हे होते.

हकीम साहेबांनी हाच विचार एका वास्तूत उतरवला. दिल्लीच्या करोल बाग भागात २९ मार्च १९१६ रोजी आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया महाविद्यालयाची कोनशिला व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते बसवली गेली. १३ फेब्रुवारी १९२१ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. एकाच छताखाली हकीम आणि वैद्य घडू लागले आणि दोघांनाही नव्या शरीरशास्त्राचे पाठ मिळू लागले. तत्पूर्वीच त्यांनी दाईंच्या आणि स्त्रियांच्या शिक्षणासाठी जनाना मदरसा काढला होता. कारण पडद्यातील स्त्री परपुरुषासमोर येत नसे आणि अडाणी हातांत कित्येक बाळंतिणी दगावत. हिंदुस्तानी दवाखान्यात औषधे तयार होऊन विकली जात. त्याचे उत्पन्न त्यांनी घराण्याच्या तिजोरीत न ठेवता महाविद्यालयाकडे वळवले.

इंग्रज सरकारने त्यांना ‘हाजिक-उल-मुल्क’ हा किताब दिला होता. असहकाराच्या काळात तो त्यांनी परत केला, तेव्हा लोकांनी त्यांना ‘मसीह-उल-मुल्क’ म्हटले. जामिया मिल्लिया इस्लामियाचे ते पहिले कुलपती. १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. डिसेंबर १९२७ मध्ये रामपूर येथे त्यांचे निधन झाले.

परंतु वाचकहो, त्यांच्या कार्याचे एक फळ त्यांच्या पश्चात पिकले आणि ते विशेष जाणून घेण्याजोगे आहे. युनानीत ‘असरोल’ आणि आपल्याकडे ‘सर्पगंधा’ म्हणतात, त्या वनस्पतीचे मूळ कोणी सर्पदंशावर देई, कोणी वेड लागलेल्याला शांत करण्यासाठी. जर्मनीत शिकणारे तरुण रसायनशास्त्रज्ञ सलीमुज्जमान सिद्दीकी यांना हकीम साहेबांनी आधार दिला होता. ते परतले आणि तिब्बियाच्या संशोधन विभागात त्यांनी त्याच मुळाचा अभ्यास केला. १९३१ साली त्यांनी त्यातून वेगळ्या केलेल्या एका द्रव्याला ‘अजमलीन’ हे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी हे मूळ वेडाबरोबर रक्तदाबावरही उपयोगी पडते, अशी नोंद केली. १९४९ साली मुंबईचे पारशी हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपले अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडले आणि जगाचे लक्ष वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्याच मुळातून ‘रेसरपीन’ वेगळे झाले. अजमलीन आजही हृदयाच्या ठोक्यांचा एक छुपा विकार उघड करण्यासाठी रुग्णालयात वापरले जाते.

पाहा, खेड्यातील जाणता, हकीम, वैद्य, पारशी डॉक्टर आणि युरोपीय रसायनशास्त्रज्ञ, इतक्या हातांतून एक मूळ फिरले. ते कोणाचे म्हणायचे? ते ज्याने उगवले, त्या अल्लाहचे. माणसांकडे ती केवळ अमानत आहे.

या कथेची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. रेसरपीनमुळे काही रुग्णांच्या मनावर खोल उदासी येते, असे पुढे दिसून आले आणि त्याचा वापर कमी झाला. जडीबुटी आहे म्हणून ती निरुपद्रवी, हा समज खोटा आहे. विद्या नसताना जो इलाज करतो, तो होणाऱ्या हानीला जबाबदार आहे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. तेव्हा कोणाच्या तरी सांगण्यावरून आई-वडिलांची रक्तदाबाची वा मधुमेहाची गोळी परस्पर बंद करू नका. नावनिशाणी नसलेली पुडी, विकणारा कितीही दीनदार दिसला तरी, घरात आणू नका. हकीमाकडे जाल तर डॉक्टरांच्या गोळ्या सांगा. डॉक्टरांकडे जाल तर हकीमाचा नुस्खा दाखवा. लपवलेली दवा ही अमानतीतील खयानत ठरू शकते, कारण आपले शरीरही अमानतच आहे.

अल्लाहने प्रत्येक रोगासोबत त्याची शिफा उतरवली आहे, ही आपली श्रद्धा. ती कोणत्या हाताने आपल्यापर्यंत पोहोचेल, हे ठरवणे त्याच्याकडे. जाणकार हात शोधणे आपल्याकडे. अल्लाह हकीम अजमल खान यांच्या सेवेचा स्वीकार करो आणि आपल्या घरांतील प्रत्येक आजारी व्यक्तीला पूर्ण शिफा देवो. आमीन.