थापटणं

मी पडलो कॉन्व्हेंटवाला. संत वगैरे विषयात आमचा आनंदच! गोरा कुंभार म्हटलं की भजनाच्या नादात पोटचं मूल चिखलात तुडवलं गेलेला माणूस, एवढंच माहीत. दिवाळीत रूम पार्टनरबरोबर त्याच्या गावी, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला गेलो, तेव्हा बाकीचं कळलं.

तेर म्हणजे तेरणाकाठचं प्राचीन तगर. इथला माल पार रोमपर्यंत जायचा. असो. गोरोबांचा जन्म 1267 चा मानतात, समाधी 1317 ची. प्रपंच सांभाळून मडकी घडवणारा हा माणूस. वयाने वडील, म्हणून सगळे संत त्यांना काका म्हणत.

एकदा ज्ञानेश्वर, नामदेव वगैरे मंडळी काकांकडे जमली होती, असं सांगतात. मुक्ताई सगळ्यांत लहान. तिला थापटणं दिसलं. हे कशाला, तर मडकं कच्चं की पक्कं ते बघायला. मग आमचीही मडकी बघा, म्हणून ती हटून बसली. आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग! भाजलेलं मडकं टणटण वाजतं, कच्चं बद्द. पूर्वी रेल्वेच्या चाकांवर हातोडी मारून असाच आवाज ऐकत.

काका एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे चिडले. साहजिकच आहे हो! विठ्ठल ज्याच्या हातचं जेवतो अशी ख्याती, त्याला भरसभेत कच्चं मडकं म्हणायचं? आणि म्हणणारा कोण, तर मातीत हात घालणारा कुंभार.

पण कच्चं म्हणजे फुटकं नव्हे. माती तीच, फक्त आव्यातून जायची राहिलेली. काकांनी मडकं फेकून दिलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नामदेव औंढ्या नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले, शिष्य झाले. पुढे पार पंजाबात पोचले. गुरु ग्रंथ साहिबमध्ये त्यांची 61 पदं आहेत.

आता थोडं आमच्या पार्टनरबद्दल. व्हायव्हाला इंग्रजीपुढे याची बोबडी वळते. दोन विषय राहिलेत. खरं सांगतो, मी त्याला ढ समजत होतो. परवा होस्टेलची पाण्याची मोटर कुरकुरायला लागली. हा पठ्ठ्या जिन्यातच थांबला, कान दिला आणि बेअरिंग गेलंय म्हणाला. मेकॅनिकने उघडून पाहिलं, तर बेअरिंगच!

व्हायव्हाची तयारी आता आम्ही दोघं मिळून करतो. इंग्रजी माझ्याकडे, मोटर त्याच्याकडे.